युरोव्हिजनच्या आठवणी दीड तासात कशा मांडाव्यात?

मुलुंडहून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. थोडक्यात तो असा: २०१२पासून त्या दर मे महिन्यात युरोव्हिजन ही गाण्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा रात्र जागून पाहतात. घरात किंवा ऑफिसात कुणालाच त्यातलं काही माहीत नाही. आता त्यांच्या वाचनालयाने मासिक कार्यक्रमात त्यांना दीड तास दिला आहे. त्यांनी ३१ गाणी काढून ठेवली आहेत, १९५६पासूनच्या इतिहासाची टिपणं केली आहेत. भावगीतं ऐकणाऱ्या, साठीच्या पुढच्या श्रोत्यांना हे परकं वाटेल का, आणि आठवणी सांगायच्या तर सुरुवात कुठून करायची, असं त्या विचारतात.

मी गेली २२ वर्षं मुंबईत श्रवणसभा घेतो. गिरगाव, दादर, पार्ले, ठाणे, जिथे बोलावतील तिथे. त्याआधी वाद्यवृंदात सिंथेसायझर वाजवायचो. युरोव्हिजनवर आजवर सात सभा घेतल्या. पहिली पूर्ण फसली, म्हणून तिच्यापासूनच सांगतो. २००४ साली दादरला मी १९ गाणी लावली. प्रत्येकाआधी देश, साल, शहर, गुण, सगळं सांगितलं. चाळीसेक माणसं आली होती, मध्यंतरानंतर ११ उरली. गाणी चांगलीच होती, श्रोतेही जाणते होते. पण मला जे जे माहीत होतं ते सगळं मी त्यांच्यापुढे ओतलं आणि त्यांना करायला काहीच ठेवलं नाही. तुमच्या ३१ गाण्यांची यादी वाचली आणि मला ती संध्याकाळ आठवली.

तेव्हा श्रोत्यांना हे परकं वाटेल का, ही खरी अडचण नाही. तुम्ही इतकी वर्षं हे एकटीने पाहिलंत, सोबतीला कुणी नव्हतं, त्यामुळे सगळंच एकदम सांगायची ओढ लागली आहे. ती मला पूर्ण समजते. पण स्पर्धेची आठवण नुसती सांगून पोचत नाही. कोण जिंकणार ही धाकधूक ज्याने स्वतः अनुभवली, त्यालाच ती कळते. म्हणून श्रोत्यांना प्रेक्षक ठेवू नका, परीक्षक करा.

माझ्या मनात हे कुठून आलं ते सांगतो. १९८८च्या गणपतीत माझा मामेभाऊ बोटीवरून घरी आला. येताना एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आला, रॉटरडॅमला ओळखीच्या घरी टीव्हीवरून भरून घेतलेली. त्या साली ३० एप्रिलला डब्लिनमध्ये झालेली युरोव्हिजन. हॉलंडची आणि आपली टीव्हीची पद्धत एकच, पाल, त्यामुळे ती इथल्या व्हीसीआरवर व्यवस्थित दिसली. रात्रीपुरता व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने आणला होता, पिक्चर बघण्यासाठी. पिक्चर संपल्यावर दीड वाजता कुणीतरी म्हणालं, ती बोटीवरची कॅसेट लाव. आमच्या गिरगावातल्या खोलीत १२-१४ माणसं दाटीवाटीने बसली होती. टेपवर सुरुवातीची दोन गाणी नव्हती आणि वरून डच माणसाचं निवेदन चालू होतं, ज्यातलं आम्हाला अक्षर कळत नव्हतं. गाणी चालू असताना निम्मे लोक पेंगले.

मग मतदान सुरू झालं आणि खोली जागी झाली. २१ देश, एकेका देशाला फोन. तेव्हा गुण सांगणारी माणसं पडद्यावर दिसत नसत, ते १९९४पासून सुरू झालं. नुसता दूरवरून येणारा, खरखरणारा आवाज: अमक्याला एक, तमक्याला दोन, मग आठपर्यंत चढत, मग दहा, शेवटी बारा. शेजारच्या काकूंनी स्वित्झर्लंडची मुलगी धरली होती, पांढऱ्या कोटातली, कुरळ्या केसांची. माझ्या वडिलांनी ब्रिटनचा स्कॉट फिट्झगेराल्ड धरला होता, कारण तो शांतपणे गायला. एकच देश उरला तेव्हा ब्रिटन १३६, स्वित्झर्लंड १३१. शेवटचा फोन युगोस्लाव्हियाला. त्यांनी स्वित्झर्लंडला सहा दिले. १३७. काकू ओरडल्या. वडील म्हणाले, थांबा, अजून सात, आठ, दहा, बारा बाकी आहेत, ब्रिटनला काहीही मिळालं तरी झालं. सात दुसऱ्याला. आठ दुसऱ्याला. दहा दुसऱ्याला. आणि बारा फ्रान्सला. एका गुणाने स्वित्झर्लंड. पहाटेच्या चारला आमच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांचे दिवे लागले होते.

ती मुलगी म्हणजे सेलिन डिऑन. मूळची कॅनडाची, नुकती वीस वर्षांची झालेली, स्वित्झर्लंडसाठी फ्रेंचमध्ये गायलेली. हे नाव आम्हाला कुणालाही ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी टायटॅनिक पाहून, त्यातलं तिचं गाणं ऐकून काकूंची मुलगी घरी आली आणि दारातूनच म्हणाली, आपली कोटवाली!

त्या रात्रीची गाणी खोलीतल्या किती जणांच्या लक्षात राहिली असतील? दोन-तीन जणांच्या. पण तो सहाचा आकडा आणि त्यानंतरची चार नावं आजही जिवंत असलेला प्रत्येक जण सांगेल. म्हणून मी श्रवणसभेत आता मतदानाला सगळ्यात जास्त जागा देतो.

ते कसं करायचं ते सविस्तर लिहितो. सहा गाणी घ्या, जास्त नाही. श्रोत्यांचे रांगांप्रमाणे सहा गट करा आणि प्रत्येक गटाला चिठ्ठी उचलून एकेक गाणं द्या. ते त्या गटाचं 'आपलं' गाणं, आणि आपल्या गाण्याला गुण देता येत नाहीत. मूळ स्पर्धेतही स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, आणि सगळी गंमत याच नियमात आहे, कारण दुसऱ्याचं गाणं कान देऊन ऐकावंच लागतं. उरलेल्या पाचांपैकी फक्त तिघांना गुण: १२, १०, ८. मी एकदा पाचही गाण्यांना उतरत्या क्रमाने गुण द्यायला लावले होते, तर सगळ्यांची बेरीज इतकी जवळजवळ आली की कुणाला काही वाटलंच नाही. गुण न मिळण्याची भीती हवी. १९७५पासून स्पर्धेत प्रत्येक देशाच्या गुणांच्या यादीत दहाच गाणी असतात (२०१६पासून परीक्षकांची आणि प्रेक्षकांची अशा दोन याद्या), बाकीच्यांना काही नाही. आठवरून दहा आणि दहावरून बारा ही उडीही मुद्दाम ठेवलेली आहे, म्हणजे सगळ्यात आवडत्या गाण्याला थोडा जास्त जोर मिळतो.

सहाही गटांच्या चिठ्ठ्या आधी गोळा करा, मग कोणता गट कधी बोलणार ते तुम्ही ठरवा. ज्या गटाने चुरस संपवली असती त्याला शेवटी ठेवा. जाहीर करताना आठ आधी, मग दहा, मग क्षणभर थांबून बारा. गटातल्याच एकाने उभं राहून सांगायचं, तुम्ही वाचून दाखवायचं नाही. आणि बरोबरी झाली तर काय, हे आधी सांगून ठेवा. १९६९ साली माद्रिदला स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चौघांना १८-१८ गुण पडले, नियमात पुढची तरतूद नव्हती, त्यामुळे चौघांनाही विजेते म्हणावं लागलं. पुढच्या वर्षी पाच देश आलेच नाहीत. त्यानंतर नियम झाला. १९९१ला रोममध्ये स्वीडन आणि फ्रान्सचे १४६-१४६ झाले, बारा मिळाल्याची संख्याही सारखीच निघाली, मग दहा जास्त वेळा मिळाल्यामुळे स्वीडन जिंकलं. तुम्हीही तसंच ठेवा: आधी बारा किती वेळा ते मोजा, मग दहा.

आता परकेपणाबद्दल. साठीच्या पुढचे मराठी श्रोते या स्पर्धेसाठी तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त तयार असतात. इथे गाणं तीन मिनिटांपेक्षा मोठं चालत नाही. तीन मिनिटं म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू! आपलं भावगीत त्याच मापात वाढलं. मुखडा, दोन-तीन अंतरे, मध्ये वाद्यांचा तुकडा, आणि संपलं. कुठे काय आवरायचं याची जाण या श्रोत्यांच्या कानात बसलेली आहे. मी सुरुवातीला एवढंच सांगतो: हे तीन मिनिटांचं गाणं आहे, गायकाने ते तिथल्या तिथे, प्रत्यक्ष गायलेलं आहे, आणि ही मुळात गाणं रचणाऱ्यांची स्पर्धा आहे. यापुढे इतिहास हवाच असेल तर दोन वाक्यं: १९५६ साली स्वित्झर्लंडच्या लुगानोत सात देशांनी ती सुरू केली, युद्ध संपून ११ वर्षं झाली होती, आणि एकच कार्यक्रम अनेक देशांत एकाच वेळी थेट दाखवता येतो का, हे युरोपातल्या प्रसारण संस्थांना आजमावायचं होतं. बास. उरलेली टिपणं खिशात ठेवा, लोक नंतर चहाच्या वेळी विचारतात तेव्हा ती कामी येतात.

कोणती सहा गाणी, हे श्रोत्यांवर अवलंबून आहे आणि पडदा आहे की नुसते स्पीकर, त्यावरही. तरुण मंडळी जास्त असतील तर मी २००६ची फिनलंडची राक्षसांच्या मुखवट्यातली लॉर्डी मंडळी घेतो, पण ती पडद्याशिवाय लावण्यात अर्थ नाही. तुमच्या वाचनालयासाठी माझी निवड अशी असेल.

सुरुवात १९५८च्या दोमेनिको मोदुन्योपासून करा. निळ्या आभाळात उडण्याचं ते इटालियन गाणं, जे जग 'वोलारे' म्हणून ओळखतं. सूर लागताच सभेतले दोन-तीन जण गुणगुणायला लागतात, हा माझा दर वेळचा अनुभव. तेव्हा प्रक्षेपण काही देशांत नीट पोचलं नाही म्हणून त्याला शेवटी पुन्हा गावं लागलं, आणि तरी ते तिसरंच आलं. पुढे अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच वर्षी वर्षातलं सर्वोत्तम गीत आणि सर्वोत्तम ध्वनिमुद्रण हे दोन्ही मान त्याला मिळाले. तिसरं आलं होतं हे मात्र मतदानानंतर सांगा, आधी नाही.

दुसरं १९७४चं, ब्रायटनचं, स्वीडनच्या अ‍ॅबा या गटाचं 'वॉटर्लू'. ते सगळ्यांना माहीत असतं, त्यावर फार बोलू नका. एवढं दाखवा की वाद्यवृंदाचा संचालक नेपोलियनच्या पोशाखात येतो, आणि हेही सांगा की यजमान ब्रिटनने त्यांना एकही गुण दिला नव्हता. वाद्यवृंदात आयुष्य काढलेला माणूस म्हणून मला इथे दोन शब्द बोलावेसे वाटतात. १९९८पर्यंत या स्पर्धेत मंचासमोर पूर्ण वाद्यवृंद बसायचा आणि बहुतेक देश आपला संचालक घेऊन यायचे. १९९९पासून तो गेला. आता वाद्यं आधी भरलेली असतात. जुन्या गाण्यांत व्हायोलिनवाले गायकाच्या श्वासासाठी अर्धी मात्रा थांबतात, ते ऐकायला आपल्या श्रोत्यांना सांगा. त्यांना ते लगेच ऐकू येतं.

तिसरा १९७८चा नॉर्वेचा यान टायगेन. त्याला शून्य मिळालं, कुणाकडून एक गुणही नाही. मायदेशी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि तो १९८२ आणि १९८३ला पुन्हा स्पर्धेत उतरला. शून्याचीही गोष्ट आधी सांगू नका. माझ्या पार्ल्याच्या सभेत तो दुसरा आला होता, आणि नंतर खरा निकाल सांगितल्यावर त्या गटाने केवढा कल्ला केला! चौथं १९८८चं सेलिन डिऑनचं.

पाचवं २०१७चं, किव्हमधलं, पोर्तुगालच्या साल्व्हादोर सोब्रालचं. यावर मी जरा रेंगाळतो, कारण माझ्या मते आपल्या श्रोत्यांसाठी यापेक्षा जवळचं गाणं या स्पर्धेत नाही. गाणं त्याच्या बहिणीने, लुईझाने लिहिलं आणि तिनेच चाल लावली. त्याला हृदयाचा गंभीर आजार होता, त्यामुळे सुरुवातीच्या तालमींना त्याच्याऐवजी तीच उभी राहिली. अंतिम रात्री तो मोठ्या मंचावर न जाता प्रेक्षकांमधल्या छोट्या गोल मंचावर एकटा उभा राहिला आणि हलक्या आवाजात गायला. ना नाच, ना आतषबाजी. ७५८ गुण. इतके गुण आजवर कुणाला मिळालेले नाहीत. पोर्तुगाल १९६४पासून भाग घेत होतं, आणि हा त्याचा पहिला विजय. जिंकल्यावर तो म्हणाला की संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, संगीत म्हणजे भावना. मग बहिणीला बोलावून दोघांनी तेच गाणं पुन्हा गायलं. त्याच डिसेंबरात त्याच्यावर हृदय प्रत्यारोपण झालं.

२०१८ला गिरगावात मी हे लावलं. गाण्याआधी अर्थ वाचायचा राहून गेला. तेव्हा माझी चूक झाली असं वाटलं, पण मागच्या रांगेत एक गोव्याच्या आजी बसल्या होत्या, लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. गाणं संपल्यावर त्या कुणी न विचारताच म्हणाल्या, तो म्हणतो, तुला जमत नसेल तर आपल्या दोघांच्या वाटचं प्रेम मी एकटा करीन. सभागृहात कुणी हललं नाही. मग एका गृहस्थांनी विनंती केली, पुन्हा लावा. आम्ही पुन्हा लावलं. तेव्हापासून मी परभाषेतल्या गाण्याचा अर्थ आधी वाचत नाही. आधी नुसतं ऐकवतो, मग दोन ओळींत मराठीतून मथितार्थ सांगतो. पूर्ण भाषांतर वाचलं तर लोक शब्द जुळवत बसतात आणि सूर निसटतो.

आणि सहावं गाणं तुमचं. प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलं आहे की २६ मे २०१२च्या रात्री तुमची मुलगी तीन महिन्यांची होती, ती झोपत नव्हती, तिला मांडीवर घेऊन तुम्ही आवाज बारीक करून बाकूची अंतिम फेरी लावलीत आणि दोनच्या सुमारास स्वीडनची लोरीन आली. ताई, ३१ गाण्यांच्या यादीत ही ओळ कुठेच नाही! लोरीन अनवाणी होती, मंच जवळजवळ काळोखात होता, शेवटी बर्फ पडत होता. त्या साली ३७२ गुणांनी ती जिंकली आणि २०२३ला लिव्हरपूलमध्ये पुन्हा. दोनदा जिंकणारी ती पहिली स्त्री, तिच्याआधी हे फक्त आयर्लंडच्या जॉनी लोगनला जमलं होतं. हे सगळं कुणीही सांगू शकेल. मांडीवरचं बाळ फक्त तुम्ही सांगू शकता. ते चार-पाच वाक्यांत सांगा, लिहून आणा पण वाचू नका, आणि लगेच गाणं लावा. फक्त शेवटी ठेवू नका, क्रमाने चौथं किंवा तिसरं घ्या. शेवटच्या गाण्याला लोक नकळत झुकतं माप देतात, आणि तुमच्याबद्दलच्या प्रेमापोटी मतं पडली तर चुरस मरते. शेवटी सोब्राल असू द्या.

वेळेचं गणित: सहा गाण्यांची १८-२० मिनिटं, प्रत्येकामागे तुमचं चार मिनिटं बोलणं, म्हणजे पाऊण तास. गटांना आपसात ठरवायला दहा मिनिटं द्या, त्याहून कमी नको, कारण खरी मजा त्या कुजबुजीत असते. गुण जाहीर करायला २० मिनिटं. उरलेला वेळ आपोआप भरतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. तिकीट लावून सार्वजनिक सभागृहात ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असतील तर परवान्याचा प्रश्न येतो. वाचनालयाच्या कार्यवाहांना आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्थांकडे चौकशी करायला सांगा, आयत्या वेळी धावपळ नको. दृश्यं इंटरनेटवरून थेट लावू नका. जिथून नेट जाईल तिथूनच लोकांचं लक्ष जातं. आणि गुणफलक संगणकावर नको, खडू-फळ्यावर ठेवा. आकडा पुसून नवा लिहिण्यात जो क्षण जातो, तो हवा असतो.

वादाचा विषय निघेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. कधी निघतो. शेजारी देश एकमेकांना गुण देतात, राजकारण चालतं, रशियाला २०२२ला बाहेर ठेवलं, त्याच साली युक्रेन जिंकलं आणि पुढची स्पर्धा त्यांच्या वतीने लिव्हरपूलला घ्यावी लागली. हे सगळं खरं आहे आणि कुणी विचारलं तर सरळ सांगा, लपवू नका. पण सहा गाण्यांच्या मध्ये तो विषय आपणहून काढू नका.

मे महिन्यात कुणी सोबत जागायला तयार झालं तर अंतिम फेरी आपल्याकडे शनिवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होते आणि हल्ली साडेचारच्या आसपास संपते. घराबाहेर स्पीकर चालणार नाही, त्यामुळे हे कुणाच्या तरी दिवाणखान्यातच करा. पाच-सहा माणसं पुरतात. थर्मास भरून चहा ठेवा आणि प्रत्येकाला कागद द्या.

फळ्यावर गुण लिहायला माणूस लागेल, तोही आधी ठरवा. तुमची मुलगी आता आठवीत आहे म्हणता. तिला विचारून बघा.